गुण सिनेमाला की प्रतीला?

ब्रिटनच्या ‘साइट अँड साउंड’ या मासिकानं १९५२ साली समीक्षकांकडून सर्वोत्तम दहा चित्रपटांची नावं मागवली. पहिला आला डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’. तो येऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. तेव्हापासून दर दहा वर्षांनी हा कौल घेतला जातो. १९६२ पासून २००२ पर्यंत पहिली जागा ‘सिटिझन केन’नं सोडली नाही, २०१२ मध्ये ती ‘व्हर्टिगो’कडे गेली आणि २०२२ मध्ये शांताल आकेरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेच्या ‘जान दीलमान’कडे. प्रत्येक वेळी अभिरुची कशी पालटली, यावर हिरिरीनं लिहिलं जातं. मी या याद्या वाचतो तेव्हा मला आधी एक साधी माहिती हवी असते. मत देणाऱ्यांना हे चित्रपट कुठे आणि कोणत्या प्रतीतून बघायला मिळाले होते?

‘सिटिझन केन’ १९४१ चा. १९५२ च्या पहिल्या दहांत त्याचं नाव नाही. त्यानंतरच्या काही वर्षांत आरकेओ स्टुडिओनं आपला जुना साठा टेलिव्हिजनला विकला, ‘केन’ थिएटरांतही पुन्हा लागला, आणि १९६२ मध्ये तो थेट पहिला. ‘व्हर्टिगो’ची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. त्याचे हक्क खुद्द हिचकॉककडे होते आणि सत्तरच्या दशकात त्यानं तो आणखी चार चित्रपटांसह प्रदर्शनातून काढून घेतला. १९८२ च्या कौलात, बघायला मिळत नसतानाही, तो सातवा आला. दुर्मीळतेचंही एक वलय असतं. हिचकॉकच्या मृत्यूनंतर तो परत आला, कॅसेटवर गेला, १९९६ मध्ये रॉबर्ट हॅरिस आणि जेम्स कॅट्झ यांनी खपून त्याची नवी प्रत तयार केली. १९९२ मध्ये चौथा, २००२ मध्ये दुसरा, मग पहिला. ‘जान दीलमान’ हा २०१ मिनिटांचा चित्रपट कित्येक वर्षं महोत्सव आणि विद्यापीठं सोडून कुठे दिसत नव्हता. २००९ मध्ये त्याची चांगली डीव्हीडी निघाली. २०२२ मध्ये मतदारांची संख्याही वाढून सोळाशेच्या वर गेली होती आणि त्यांत तरुण पुष्कळ होते, हेही कारण आहेच. पण त्या तरुणांनी तो घरी बसून पाहिला होता.

अमेरिकेत फ्रँक काप्राच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’चं तर भाग्यच एका चुकीनं उघडलं. १९४६ च्या या चित्रपटाचा कॉपीराइट १९७४ मध्ये वेळेवर वाढवला गेला नाही. फुकट मिळतो म्हणून टीव्हीवाले दर नाताळात तो दाखवत राहिले आणि पहिल्या प्रदर्शनात फारसा न चाललेला चित्रपट घराघरांत जाऊन बसला. आपल्याकडे १९५२ च्या जानेवारीत मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. त्यात ‘बायसिकल थीव्ह्ज’ आणि ‘राशोमोन’ दिसले. पुढच्याच वर्षी त्याच वास्तववादी वळणाचा बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. तेव्हा चित्रपट बघायला मिळणं ही काही नुसती सोयीची बाब नाही. थोर कोण, हे ठरवण्याच्या प्रक्रियेतली ती पहिली पायरी आहे, आणि १९७५-७६ मध्ये बेटामॅक्स आणि व्हीएचएस आल्यापासून ती पायरी घराच्या आत आली.

घरात आली, पण कशी? पहिली वीस वर्षं अगदीच लंगडी. टीव्हीचा पडदा ४:३ चा, जवळजवळ चौकोनी. सिनेमास्कोपचं चित्र त्याच्या पावणेदोन पट रुंद. ते चौकटीत बसवायला कडा कापायच्या आणि एखादा तंत्रज्ञ ठरवणार, की या क्षणी डावीकडचा माणूस दाखवायचा की उजवीकडचा. ‘कागज के फूल’ हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. व्ही. के. मूर्तींनी त्या रुंद पटावर रिकामा स्टुडिओ, झोतातली धूळ आणि दोन माणसांमधलं अंतर रचलं. कापलेल्या प्रतीत जवळजवळ ४३ टक्के चित्र जातं, म्हणजे नेमकं ते अंतरच जातं. अशी कॅसेट बघून कुणी या चित्रपटाला संथ म्हणत असेल, तर त्यानं तो पाहिलेला नाही एवढंच म्हणता येईल.

या दुरवस्थेला पहिलं गंभीर उत्तर मिळालं ते अमेरिकेत, लेझरडिस्कवर. क्रायटेरियन कलेक्शननं १९८४ मध्ये ‘सिटिझन केन’ आणि ‘किंग काँग’ काढले. ‘किंग काँग’च्या डिस्कवर मोकळ्या ध्वनिपट्टीवर रोनाल्ड हेव्हर या अभ्यासकाचं निवेदन होतं : चित्रपट चालू असताना जाणकार शेजारी बसून बोलतोय, असा हा पहिला प्रयोग. लवकरच ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’ वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून, न कापता, आला. आज या दोन्ही गोष्टी आपण गृहीत धरतो. चित्रपटाला पुस्तकासारखी संपादित आवृत्ती असू शकते, हा विचार तिथून रुजला आणि माझ्या मते घरच्या सिनेमानं दिलेली सर्वांत मोठी देणगी हीच.

डीव्हीडीच्या काळात क्रायटेरियननं क्रमांक एक रन्वारच्या ‘ग्रँड इल्युजन’साठी राखला होता. तो निघाला मात्र १९९९ मध्ये, नंतरचे बरेच क्रमांक बाजारात आल्यावर, कारण मधल्या काळात अधिक चांगला मूळ ऐवज हाती आला. १९३७ च्या या युद्धविरोधी चित्रपटाचं मूळ निगेटिव्ह जर्मनांनी पॅरिसहून बर्लिनला नेलं, १९४५ मध्ये रशियन सैन्यानं ते मॉस्कोला नेलं, साठच्या दशकात देवाणघेवाणीत ते फ्रान्समध्ये तुलूझच्या संग्रहात परतलं आणि तिथे कित्येक वर्षं ओळखलं न जाता पडून राहिलं. तोवर दोन-तीन पिढ्यांनी नकलेच्या नकलेवरून निघालेल्या प्रती बघून या चित्रपटाला थोर म्हटलं होतं. त्यांचं मत चुकलं नव्हतं. पण छायाचित्रणाबद्दल त्यांनी जे लिहिलं, ते फिक्या पडलेल्या प्रतीबद्दल होतं.

भारतातला रस्ता वेगळा होता. इथे १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, मागोमाग व्हीसीआर आणि भाड्यानं कॅसेट देणारी दुकानं. लेझरडिस्क सर्वसामान्यांपर्यंत पोचलीच नाही. जागतिक सिनेमा बघायचा तर फिल्म सोसायटीचं सभासद व्हायचं. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ होतं, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि फिल्म इन्स्टिट्यूटचा उन्हाळी रसास्वाद वर्ग. तिथे सतीश बहादूर ‘पथेर पांचाली’ एकेका शॉटनं उलगडून शिकवत. आज रिमोटनं जे कुणीही करतं, तेव्हा त्यासाठी प्रोजेक्टर, प्रिंट आणि शिक्षक लागत. नव्वदच्या दशकात व्हीसीडी आली आणि तिनं आपल्या स्मृतीचं मोठं नुकसान केलं असं मी म्हणेन. आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपके, एवढ्यात एक चित्रपट. डीव्हीडीत ७२० बाय ५७६ आणि ब्लू-रेत १९२० बाय १०८०. स्वस्त असल्यानं व्हीसीडी सगळीकडे पोचली. मोझर बेअरनं तर ती २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकली. हजारो घरांत जुने चित्रपट पहिल्यांदा गेले ते या किमतीमुळे, हे मानलंच पाहिजे. पण त्याचबरोबर ‘जुना चित्रपट म्हणजे धूसर चित्र आणि खरखरता आवाज’ ही समजूतही घट्ट झाली. पॅलाडोरसारख्या कंपन्यांनी काही काळ कुरोसावा, बर्गमन यांच्या रीतसर डीव्हीडी इथे काढल्या. बाकी भार फुटपाथनं उचलला.

परदेशी डिस्क मागवणाऱ्याला आणखी एक अडथळा असे : जगाचे विभाग. डीव्हीडीसाठी भारत विभाग ५, ब्लू-रेसाठी विभाग सी. क्रायटेरियनच्या ब्लू-रे विभाग ए च्या, ब्रिटनच्या मास्टर्स ऑफ सिनेमाच्या बहुतेक बी च्या. म्हणजे पैसे आणि कर भरून आणलेली डिस्क इथल्या सरळ प्लेअरवर चालायचीच नाही. सर्व विभागांचा प्लेअर शोधावा लागे. २०१६ मध्ये आलेल्या फोर-के डिस्कवर ही कुलपं नाहीत, ही या क्षेत्रातली फार मोलाची सुधारणा.

आता मुख्य मुद्दा. प्रत चांगली की वाईट, हे कशावरून ओळखायचं? तीक्ष्णता हे उत्तर सगळे देतात आणि ते अपुरं आहे. आधी वेग बघावा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, आपल्याकडचा आणि युरोपातला जुना पाल टीव्ही २५ नं. म्हणून पाल डिस्कवर चित्रपट चार टक्के भरभर पळतो. शंभर मिनिटांचा ९६ मिनिटांत संपतो आणि आवाजाची पट्टी जवळपास अर्ध्या स्वरानं चढते. सुराचा कान असलेल्या माणसाला ओळखीच्या गायकाचा आवाज परका वाटतो तो यामुळे. मूकपटांत तर वेग हा वादाचाच विषय. द्रेयरच्या ‘पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ची मूळ आवृत्ती जळाली असंच समजत होते, १९८१ मध्ये नॉर्वेतल्या ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात तिची प्रत सापडली. ती सेकंदाला २० चौकटींनी दाखवायची की २४, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मास्टर्स ऑफ सिनेमानं डिस्कवर दोन्ही वेग दिले. निर्णय बघणाऱ्यावर सोपवण्याचा हा प्रामाणिकपणा मला फार भावतो. जोन साकारणाऱ्या फाल्कोनेत्तीच्या चेहऱ्यावरून अश्रू किती सावकाश ओघळतो, यावर त्या चित्रपटाची सगळी आध्यात्मिकता तोललेली आहे.

मग लांबी. लांगचा ‘मेट्रोपोलिस’ १९२७ मध्ये प्रदर्शनानंतर लगेच कापला गेला. २००८ मध्ये ब्युनोस आयर्सला १६ मिमीचं एक ओरखड्यांनी भरलेलं निगेटिव्ह मिळालं आणि २०१० च्या आवृत्तीत सुमारे २५ मिनिटं परत आली. त्याआधी ज्यांनी कथेतल्या भगदाडांबद्दल लांगला दोष दिला, त्यांचे गुण आता कोणत्या चित्रपटाचे समजायचे? ‘सेव्हन सामुराई’ २०७ मिनिटांचा. परदेशांत तो कित्येक वर्षं पाऊण तासाच्या आसपासचा भाग कापून दाखवला जाई.

फिल्मचा कण ही सर्वांत गैरसमजाची गोष्ट. पडद्यावर हलणारी ती बारीक रवाळ हालचाल म्हणजे घाण नव्हे. चित्र तिचंच बनलेलं असतं. ब्लू-रेच्या सुरुवातीला काही कंपन्यांनी ती पुसायचा सपाटा लावला. २००८ ची ‘पॅटन’ची डिस्क याचं ठळक उदाहरण. ६५ मिमीवर चित्रित झालेला तो देखणा चित्रपट, आणि माणसं मेणाची दिसतात. त्वचेवरची छिद्रं गेली, गणवेशाचा पोत गेला. अलीकडे संगणकी बुद्धीनं चित्र ‘सुधारायची’ पद्धत आली आहे. २०२४ मध्ये आलेल्या ‘ट्रू लाइज’ आणि ‘एलियन्स’च्या फोर-के डिस्क बघाव्यात : कडा कोरल्यासारख्या आणि चेहरे कोणाचेच नाहीत असे. दुर्दैवानं गुण देणारे अनेक जण अशाच चकचकीत चित्राला जास्त गुण देतात, म्हणून कंपन्यांनाही तसंच करायचा मोह होतो.

रंगाचा प्रश्न तर दिग्दर्शकाच्याच दारात जातो. विल्यम फ्रीडकिननं २००९ मध्ये ‘द फ्रेंच कनेक्शन’चे रंग बदलून टाकले. छायालेखक ओवेन रॉइझमन जाहीरपणे संतापला, आणि २०१२ मध्ये निराळी डिस्क काढावी लागली. वाँग कार-वाईनं आपल्या चित्रपटांच्या संचात ‘इन द मूड फॉर लव्ह’चे रंग हिरवटाकडे झुकवले आणि ‘फॉलन एंजल्स’ची चौकटच रुंद केली. कलावंताला आपलं काम बदलायचा हक्क आहे, असं म्हणणारे माझे अनेक मित्र आहेत. मला ते मान्य नाही. २००० साली लोकांनी पाहिलेला ‘इन द मूड फॉर लव्ह’ हा आता इतिहासाचाही आहे. बदला हवं तर, पण जुनी आवृत्ती शेजारी ठेवा. ‘ब्लेड रनर’च्या २००७ च्या संचात पाचही आवृत्त्या आहेत आणि बघणाऱ्याला रिडली स्कॉटशी नीट भांडता येतं.

या सगळ्या कामाची उंची बघायची असेल तर ‘अपु त्रयी’ बघावी. १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला आग लागली आणि सत्यजित राय यांची मूळ निगेटिव्ह जळाली. होरपळलेले, वाकलेले, चिकटलेले तुकडे अमेरिकेतल्या अकॅडमीच्या संग्रहात जपून ठेवले गेले, कारण ते टाकून द्यायला कुणाचं मन झालं नाही. दोन दशकांनी क्रायटेरियननं ते बोलोन्याच्या प्रयोगशाळेत पाठवले. ठिसूळ फिल्मला पुन्हा ओलावा दिला, छिद्रं हातानं जोडली. ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के भाग आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हवरून मिळाला, ‘अपुर संसार’ मात्र इतर प्रतींवरून उभा करावा लागला. २०१५ मध्ये ही त्रयी न्यूयॉर्कला दाखवली गेली आणि मग डिस्कवर आली. सुब्रत मित्रांनी टिपलेला काशाच्या फुलांवरचा प्रकाश किती नाजूक आहे, हे मला त्या डिस्कनंतर कळलं. २०२२ च्या कौलात ‘पथेर पांचाली’ पस्तिसाव्या जागी आहे.

तेव्हा तारे देताना काय करावं? आयएमडीबी १९९० पासून आहे, लेटरबॉक्स्ड २०११ पासून. दोन्हीकडे एका चित्रपटाला एकच आकडा. कोण व्हीसीडीवरून गुण देतं, कोण मोबाइलवरून, कोण थिएटरातल्या नव्या प्रिंटवरून, आणि सरासरीत हे सगळं मिसळून जातं. संग्राहकांमधली जुनी रीत मला अधिक बरोबर वाटते : चित्रपटाला वेगळे गुण, चित्राला वेगळे, ध्वनीला वेगळे, पूरक साहित्याला वेगळे. माझी त्यात भर एवढीच, की कोणती आवृत्ती, किती मिनिटांची, कोणत्या ऐवजावरून काढलेली आणि सबटायटल कुणाची, हे गुणांआधी लिहावं. सबटायटलकडे सर्वांत कमी लक्ष जातं. ‘लेट द राइट वन इन’ या स्वीडिश चित्रपटाच्या २००९ च्या अमेरिकी डिस्कवर संवाद इतके सपाट करून टाकले होते, की प्रेक्षकांनी तक्रारी करून ते बदलायला लावले. भाषा येत नसलेल्या माणसाचं मत पटकथेबद्दल असतं की भाषांतरकाराबद्दल, हे तपासायला दुसरी आवृत्तीच लागते.

स्ट्रीमिंगनं संग्रहाची गरज संपवली, असं सांगितलं जातं. फिल्मस्ट्रक ही अभिजात चित्रपटांची उत्तम सेवा २०१६ मध्ये सुरू झाली आणि २०१८ मध्ये बंद पडली. तिच्या जागी आलेला क्रायटेरियन चॅनेल अमेरिका आणि कॅनडातच चालतो. न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला तो मिळतो, पुण्यातल्याला नाही. मुबी भारतात आहे आणि तिची निवड चांगली आहे, पण हक्काची मुदत संपली की चित्रपट जातो. डिस्कलाही रोग आहेत. कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्यात कॅसेटवर बुरशी चढते, काही डिस्कचा थर आतून खराब होतो, आणि प्लेअर बनवणारे कमी होत चालले आहेत : ओप्पोनं २०१८ मध्ये काम थांबवलं, सॅमसंगनं २०१९ मध्ये. तरी हातातली डिस्क कुणी रातोरात बदलू शकत नाही. आवृत्त्यांची तुलना करायची तर हा गुण निर्णायक आहे.

आणि मराठीचं काय? पु. ल., अत्रे, फाळके यांची नावं घेताना आपण हळवे होतो. मराठी चित्रपटाची संपादित आवृत्ती मात्र आपण कधी मागितली नाही. स्कोर्सेसीच्या वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्टचे पहिले चार संच क्रायटेरियननं काढले. त्यात ऋत्विक घटकांचा ‘तिताश एकटि नदीर नाम’ आहे, उदय शंकर यांचा ‘कल्पना’ आहे. मराठी एकही नाही. तेराशेहून अधिक भारतीय मूकपटांतले बोटांवर मोजण्याइतकेच उरले. त्यातलं फाळक्यांचं जे हाती लागलं ते पुण्याच्या संग्रहालयाच्या पी. के. नायर यांच्या पायपिटीमुळे. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’ गेला. २००३ मध्ये पुण्याच्या संग्रहालयाच्या आगीत नायट्रेट फिल्म जळाल्या. चांगली बातमीही आहे : ‘श्यामची आई’ची नवी केलेली प्रत २०२३ मध्ये गोव्याच्या महोत्सवात दाखवली गेली, आणि मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन अरविंदन, बेनेगल यांचे चित्रपट कान महोत्सवापर्यंत नेते आहे.

प्रभात फिल्म कंपनीचा खजिना तर आवृत्तीसाठीच जन्मला आहे. ‘अयोध्येचा राजा’, ‘कुंकू’, ‘माणूस’ हे मराठीबरोबर हिंदीतही चित्रित झाले. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ एका संचात शेजारी शेजारी ठेवले तर शांता आपटे एकच प्रसंग दोन भाषांत कसा वेगळा करतात, हे कळेल. ‘कुंकू’त पार्श्वसंगीत नाही, घरातले, दारातले, घड्याळाचे आवाज हेच त्याचं संगीत. खरखरत्या प्रतीत ते ऐकूच येत नाहीत, आणि यंत्रानं खरखर सरसकट पुसली तर तेही तिच्याबरोबर पुसले जातील. हे काम कान असलेल्या माणसानंच करायला हवं. ‘संत तुकाराम’ला व्हेनिसमध्ये गौरव मिळाला त्याला आता नव्वद वर्षं होत आली. त्यातली शांताराम आठवले यांची एक रचना लोक तुकोबांचाच अभंग समजतात. परभाषकाला ती कुणाची, अभंग कोणता, तुकोबा साकारणारे पागनीस कोणत्या परंपरेतून गातात आणि गौरीची जिजाई इतकी खरी का वाटते, हे सबटायटल आणि जाणकाराचं निवेदन यांच्याशिवाय कळायचं नाही. मूळ ऐवज कुठे काय शिल्लक आहे याची यादी, पुण्याच्या संग्रहालयाकडून एक स्वच्छ स्कॅन, केशवराव भोळ्यांचं संगीत जाणणारा एक ध्वनितंत्रज्ञ, तुकोबांचा गाथा आणि इंग्रजी दोन्ही नीट येणारा एक भाषांतरकार आणि हक्कधारकांची संमती, इतक्यात ‘संत तुकाराम’ची डिस्क होते. २०३२ च्या कौलाआधी ती निघाली पाहिजे.